दीडच्या नंबरची वायर

गाडीचे चार प्लग आणि चार वायरी बदलायला साधारण चाळीस मिनिटं लागतात, असं गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात छापलं होतं. चष्मेवाल्यांना पंधरा दिवस लागले. पुस्तकाची काही चूक नव्हती हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण चष्मेवाले अजूनही विषय निघाला की पुस्तकाच्या छपाईवर घसरतात.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या मुलीच्या नेमणुकीच्या पत्रात होतं. पोरगी लॅब टेक्निशियन. दोन वर्षं दुसऱ्यांच्या रजेच्या जागांवर काम करून तिला एकदाची एका लॅबमध्ये कायमची नोकरी लागली होती. काम असं, की लॅबची छोटी गाडी घेऊन घरोघरी जायचं आणि ज्यांना उठवत नाही अशा पेशंटांच्या रक्ताचे नमुने आणायचे. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की रुजू होताना, म्हणजे एक तारखेला, पक्कं लायसन्स दाखवावं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. शिकाऊ लायसन्स होतं. टेस्टची तारीख मिळाली सत्तावीस, सोमवार. त्यानंतरची तारीख थेट दोन महिन्यांनी होती. म्हणजे सत्तावीसला पास, नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेची वाट बघत बसा.

"ड्रायव्हिंग स्कूल लावूया," बायको म्हणाली.

"त्या गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो," चष्मेवाले म्हणाले. "त्यात पोरगी शिकत नाही, मास्तरच शिकतो. मी शिकवतो."

घरची गाडी होती चौदा वर्षांची. चष्म्याचं दुकान घरापासून पाच मिनिटांवर, त्यामुळे ती आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर पडायची, तीही फुफ्फुसं मोकळी करायला. अशा गाडीवर मुलीला बसवण्याआधी ती ठणठणीत करावी, हा विचार कुठल्याही बापाला सुचेल. चष्मेवाले प्लग आणि वायरी आणायला गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, कधी घेऊन येता गाडी. तेव्हा गॅरेजात उभ्या असलेल्या चार माणसांदेखत चष्मेवाले म्हणाले, "प्लग बदलणं म्हणजे बल्ब बदलणं. त्याला मेकॅनिक कशाला लागतो?" गॅरेजवाल्याने सामान कागदात गुंडाळून दिलं आणि म्हणाला, "अडलं तर हाक मारा." हे शेवटचं वाक्य चष्मेवाल्यांना लागलं. पुढचे पंधरा दिवस गॅरेजचं दार त्यांच्यासाठी का बंद होतं, त्याचं कारण एवढंच.

अकरा तारखेच्या शनिवारी दुपारी त्यांनी बॉनेट उघडलं. काम पद्धतशीर. कुठली वायर कुठल्या प्लगची हे विसरायला नको म्हणून त्यांनी दुकानातून लेन्सवर लावायच्या नंबरांच्या चिकटपट्ट्या आणल्या होत्या. पहिल्या वायरीला अर्धा, दुसरीला एक, तिसरीला दीड, चौथीला दोन. तेव्हापासून या घरात इंजिनाच्या सिलिंडरांना कुणी एक-दोन-तीन-चार म्हणत नाही. जुने चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, शेजारी नवे चार मांडले, आणि डोळ्यांवर ताण आला की वीस मिनिटं मिटून घ्यावेत हा जो सल्ला ते गिऱ्हाइकांना देतात, तो स्वतः पाळायला आत गेले. वीस मिनिटांचा दीड तास झाला. मग उठून, चहा घेऊन, त्यांनी चकाकणारे चार प्लग एकेक करून बसवले, नव्या वायरी त्याच नंबरांच्या चिकटपट्ट्या लावून चढवल्या, हात पुसले, आणि घरातल्या सगळ्यांना गाडीजवळ बोलावून किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली. पण कशी, तर तीन पावलं नीट टाकून चौथ्याला ठेच लागावी तशी. तीन ठोके, एक अडखळ, आणि त्या अडखळीबरोबर बॉनेटपासून डिकीपर्यंत एक हिसका. मागच्या काचेवर लटकवलेलं खेळण्यातलं माकड मान हलवायला लागलं.

"मिसिंग मारतेय," मुलगी म्हणाली.

"नवे प्लग आहेत," चष्मेवाले म्हणाले. "बसायला वेळ लागतो. नवा चष्मासुद्धा चार दिवस डोकं धरतो."

चार दिवस गेले. गाडीने डोकं सोडलं नाही. पण टेस्ट कुणासाठी थांबणार, म्हणून शिकवणी त्याच गाडीवर सुरू झाली. रोज सकाळी सात ते आठ. पाय उचलला की गाडी बंद पडे, म्हणून मुलगी ॲक्सिलरेटरवर पाय रोवून बसायला शिकली. क्लच सोडताना इंजिन मान टाकतंय असं वाटलं की आणखी दाबायचं, हिसका बसला की पुन्हा अर्धा क्लच, आणि चढावर तर सरळ फर्शीपर्यंत. तिला वाटे, गाडी चालवणं म्हणजे हेच. बिचारीने दुसरी गाडी पाहिलीच कुठे होती. शाळेच्या फाटकासमोर गाडी रोज बंद पडायची, इतकी नेमाने, की तिथला वॉचमन सात वाजून दहा मिनिटांनी धक्का द्यायला बाह्या सरसावून उभा राहू लागला.

आता सल्ले. वरच्या मजल्यावर राहणारे ड्रायव्हरकाका तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झाले होते. गॅलरीतून आवाज ऐकूनच त्यांनी निदान केलं. "प्लगचा दोष असूच शकत नाही. माझ्या इंजिनाला तीस वर्षांत प्लगचा एकदाही त्रास झाला नाही." त्यांच्या डिझेल इंजिनाला असले प्लग नसतातच, ही माहिती चष्मेवाल्यांना नवव्या दिवशी मिळाली. तोवर काकांच्या सांगण्यावरून त्यांनी बरंच काही उरकलं होतं. पेट्रोलमध्ये पाणी असणार, असं काका म्हणाले, म्हणून टाकी उपसून पेट्रोल दोन बादल्यांत काढलं. बादल्या ठेवल्या बाथरूमच्या खिडकीखाली. त्या संध्याकाळी घरात काडी ओढायची नाही की दिव्याचं बटण दाबायचं नाही असं ठरलं, आणि सासूबाईंसकट चौघांनी अंधार पडायच्या आत पाव आणि केळी खाल्ली. बायको सालं उचलून आत गेली. ती बोलली असती तर चष्मेवाल्यांना बरं वाटलं असतं.

पेट्रोलमध्ये पाणी नव्हतं. मग काका म्हणाले, गाडीला श्वास घेता येत नाहीये. हवेचा फिल्टर काढला, झटकला, परत बसवला. एक स्क्रू उरला. तो कुठला हे शोधण्यासाठी पुन्हा सगळं काढलं आणि पुन्हा बसवलं, तेव्हा दोन उरले. मग बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने सगळ्या जोडण्यांवर गरम हवा मारली, कारण काकांच्या मते दमट हवेने करंट पळतो. करंट जिथे पळायचा तिथे पळत राहिला, यंत्र मात्र जळालं.

दुकानातही आता निभाव लागेना. गिऱ्हाईक तक्त्यासमोर बसून, एक डोळा झाकून, तिसरी ओळ वाचता वाचता विचारी, "गाडी काय म्हणतेय?" एका बाईंनी तर नवा चष्मा हातात घेऊन, उलटासुलटा करून, "नंबर नक्की बरोबर आहे ना? नाही म्हणजे, घाई नाही मला," असं म्हटलं. सव्वीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी चष्मा पुन्हा मशीनवर तपासून दाखवला. नंबर बरोबर होता, पण माणसाची पत गेली की बरोबर नंबराचाही उपयोग होत नाही.

शनिवारी, म्हणजे टेस्टच्या दोनच दिवस आधी, मुलीने टेस्टच्या पत्राची मागची बाजू वाचली. सोबत आणायच्या गाडीला धुराचा चालू दाखला हवा. घरातला दाखला सहा महिन्यांपूर्वीच संपला होता. चष्मेवाले गाडी हिसके देत धुराच्या केंद्रावर घेऊन गेले. तिथल्या माणसाने गाडीच्या मागे नळी खुपसली, मशीनकडे पाहिलं, मशीनला एक थाप मारली, पुन्हा पाहिलं.

"साहेब, ही गाडी पेट्रोल पीत नाही," तो म्हणाला. "चूळ भरून टाकतेय."

"प्लग नवे आहेत."

"मशीनला तसं सांगता येत नाही."

वर, एकदा नापास झालेली गाडी पुन्हा आणायची तर दुरुस्तीची पावती लागेल, असा नियम निघाला. पावती कुणाची, तर दुरुस्ती करणाऱ्याची. चष्मेवाल्यांनी विचारलं, दुरुस्ती मालकानेच केली तर? त्या माणसाने नियमाचा कागद खालीवर वाचला आणि म्हणाला, "करणाऱ्याने पावती द्यावी एवढंच लिहिलंय. करणारा कोण, ते नाही लिहिलेलं." सोमवारी केंद्र आठला उघडणार होतं आणि टेस्ट अकराला होती.

रविवारी संध्याकाळी चष्मेवाले बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. आता ते काही शोधत नव्हते, नुसतेच उभे होते. मुलगी खाली आली, मागोमाग बायकोही.

"बाबा, उद्या मी नापास झाले तर नोकरी जाईल," ती म्हणाली. "मला परत रजेच्या जागांवर नाही जायचं. आता तुम्ही बसा. मी बघते."

तिच्या आवाजात राग नव्हता. आपल्या तोऱ्यापायी पोरीचं नुकसान होतंय, हे चष्मेवाल्यांना पंधरा दिवसांत पहिल्यांदा लख्ख कळलं. ते पाना तिच्या हाती देऊन जिन्याच्या पायरीवर बसले.

पोरीची पद्धत लॅबमधली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. गाडी बंद करून तिने अर्ध्या नंबरची वायर काढली, गाडी सुरू केली. आवाज आणखी बिघडला. तिने लिहिलं. ती वायर लावून एक नंबरची काढली. बिघडला. दोनची काढली. बिघडला. मग दीडची काढली, आणि आवाजात तिळाइतकाही फरक पडला नाही.

"म्हणजे दीडवाला मुळात कामच करत नाहीये," ती म्हणाली. "आहे काय आणि नाही काय."

तिने दीडची आणि दोनची वायर आपसांत बदलून पाहिली. तरी दीडच्या जागेवरचा सिलिंडरच मेलेला. मग वायर नाही, प्लगच. तिने तो पान्याने सोडवला, फडक्याने पुसला आणि दिव्याखाली धरला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर होती.

"बाबा, हा नवा नाहीये. हा जुना आहे. यावर कंपनीचं नावसुद्धा वेगळं आहे."

"काहीतरीच काय," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी प्लग हातात घेतला. मग जरा लांब धरला. मग आणखी लांब. मग हात संपला.

हा माणूस शहरभर लोकांना सांगत असे की चाळिशी उलटली की वाचायचा चष्मा लावावा, त्यात लाजण्यासारखं काय आहे. त्याचं स्वतःचं वय त्रेपन्न.

"तो होय," जिन्यातून सासूबाई म्हणाल्या. त्या ताज्या हवेसाठी खुर्ची घेऊन तिथे बसत असत. "तो मीच ठेवला तिथे."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. सासूबाई जराही डगमगल्या नाहीत.

"चार नवे आणले म्हणजे चारी एकदम लावून टाकतात का? उद्या एखादा बिघडला तर काय करणार? प्रत्येक नव्या वस्तूतलं एक बाजूला ठेवावं लागतं. कपाटात ठेवलाय एक, रुमालात बांधून. जुन्यातला त्यातल्या त्यात बरा होता तो घासला दंतमंजनाने, कसा चकाकला बघा. तुम्ही झोपला होतात, तुमची झोपमोड नको म्हणून बोलले नाही."

"आई, पण हा फुटलाय," बायको म्हणाली.

"एकदा सिंकमध्ये पडला हातातून. पण उचलून बघितला, काही झालं नव्हतं."

चष्मेवाल्यांना बरंच काही बोलायचं होतं. पण घासलेला प्लग ज्याने निरखून, आपल्या हाताने बसवला तो दुसरा कोण होता? सासूबाईंना मोतीबिंदू आहे, त्यांना चीर दिसली नाही हे समजू शकतं. इथे सव्वीस वर्षांचं दुकान होतं. ते उठून कपाटातला रुमाल घेऊन आले.

रुमालातला नवा प्लग लावला आणि गाडी सुरू केली. सुरू झाली हे बॉनेटवर हात ठेवल्यावर कळलं, इतकी शांत. माकडाची मान जागच्या जागी. चष्मेवाल्यांचा ऊर भरून आला. त्यांनी इमारतीला गाडीतून दोन फेऱ्या मारल्या, दुसरी खास ड्रायव्हरकाकांच्या गॅलरीखालून, आणि मग मुलीला म्हणाले, आता तू झोप, उद्या ताजीतवानी हवीस.

सोमवारी आठला त्यांनी आपल्या दुकानाच्या छापील कागदावर, वर चष्म्याचं चित्र असलेल्या, स्वतःच स्वतःला दुरुस्तीची पावती दिली. मशीनने गाडी पहिल्या फटक्यात पास केली. अकराला ते टेस्टच्या मैदानात होते. बरोबर ड्रायव्हरकाकाही होते, अनुभवी माणूस हवा म्हणून, असं ते स्वतःच म्हणाले होते.

मुलीचा नंबर आला. इन्स्पेक्टरसाहेब शेजारी बसले, मांडीवर फळी, फळीवर यादी. मुलीने इतके दिवस शिकल्याप्रमाणेच केलं. पाय रोवला, क्लच अर्धा सोडला.

गाडी उडाली. उडाली म्हणजे काय, टेस्टसाठी मैदानात रोवलेल्या खांबांतले पहिले दोन आडवे करूनच थांबली. इन्स्पेक्टरसाहेबांची फळी पायाशी गेली. मुलगी घाबरली, तिने पाय पूर्ण उचलला, पुन्हा अगदी हलकेच दाबला, तेव्हा गाडी चढाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली आणि मागे घसरायला लागली. साहेबांनी हँडब्रेक ओढला.

"तुझा पाय आहे की वीट?" ते म्हणाले. "उतर. यादी संपल्यावर आणखी एक संधी देतो. तेव्हा नाही जमलं तर दोन महिन्यांनी या."

यादीत चार माणसं उरली होती. चष्मेवाले धावत आले. पोरीचे डोळे भरले होते, पण डोकं लॅबचंच होतं.

"बाबा, बॉनेट उघडा," ती म्हणाली. "दीडची वायर काढा."

"वेडी आहेस का? आत्ता कुठे गाडी सुधारलीय."

"गाडीला नोकरी लागायची नाहीये, बाबा. मला ही गाडी येतच नाही. मला ती येते."

"आणि लॅबची गाडी? ती धडच असणार ना?"

"त्याला चार दिवस आहेत, तेवढ्यात शिकेन. इथे दहा मिनिटं आहेत."

चष्मेवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. भिंतीला टेकून वीसेक माणसं उभी होती. त्यातल्या निदान तिघांच्या नाकावर त्यांच्याच दुकानातले चष्मे होते, म्हणजे दिसत सगळ्यांना स्वच्छ होतं. ज्या गाडीपायी पंधरा दिवस हसं झालं, ती काल संध्याकाळी माणसांत आली होती, आणि आता एवढ्या लोकांसमोर, भर उजेडात, ती आपल्या हाताने बिघडवायची. खिशातला धुराचा दाखला तर अजून घडीलासुद्धा मळला नव्हता. त्यांनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बॉनेट उघडलं. दीडची नवी वायर, चिकटपट्टीसकट, उपटून बाजूला केली. अडखळ परत आली. माकडाने मान हलवली.

"हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो," ड्रायव्हरकाका कुणाला तरी म्हणाले.

मुलगी पुन्हा बसली. इन्स्पेक्टरसाहेबांनी या खेपेला फळी छातीशी धरली. गाडी हिसके देत निघाली आणि पोरीचा चेहरा एकदम निवळला. तिने पाय रोवला, अर्धा क्लच, हिसका, पुन्हा अर्धा क्लच. खांबांमधून गाडी लंगडत गेली पण एकाही खांबाला शिवली नाही. चढावर मध्येच थांबवली, साहेब बोट दाखवेपर्यंत धरून ठेवली, आणि फर्शीपर्यंत पाय दाबून वर काढली. उतरून, वळवून, पांढऱ्या रेघेवर आणून उभी केली. भिंतीजवळून कुणीतरी टाळी वाजवली. चष्मेवाल्यांना रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी बाहीने डोळे पुसले, त्यामुळे गालभर ग्रीस लागलं.

इन्स्पेक्टरसाहेब खाली उतरले. दोन पावलं ते अजून गाडीत असल्यासारखेच चालले. मग कागदावर सही करून त्यांनी तो मुलीच्या हातात दिला आणि चष्मेवाल्यांकडे वळले.

"मुलगी तयार आहे. हिला कुठलीही गाडी द्या," ते म्हणाले. "पण तुम्ही शिकलेसवरलेले दिसता. पोरीला असल्या गाडीवर शिकवायचं? दुसरं काही नाही हो, साधे प्लग आणि वायरी बदलून टाका. चाळीस मिनिटांचं काम आहे, घरच्या घरी होतं."

चष्मेवाल्यांनी काळे झालेले हात पाठीमागे घेतले.

"बघतो साहेब," ते म्हणाले. "येत्या शनिवारी वेळ काढतो."